कळ गेली, खडा तिथेच

मुतखडा म्हटलं की आमच्या देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात प्रत्येकाकडे एक गोष्ट असते आणि एक औषध. गोष्ट बहुधा मेव्हण्याची नाहीतर चुलत्याची, औषध बहुधा कुळथाचं. सगळ्या गोष्टी कळ येण्यापासून सुरू होतात आणि कळ थांबली की संपतात. माझा अनुभव असा की कळ हा या दुखण्यातला सगळ्यात सोपा भाग. तिला इंजेक्शन आहे. पुढे काय करतात, कुठल्या क्रमाने आणि का, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं न्याहारी-निवास आहे. खोल्या मोजक्याच, पण एप्रिल-मे भरलेल्या. पहाटे घावण्यांचं पीठ, दुपारी माशांची ताटं, संध्याकाळी भजी आणि चहा, रात्री परत ताटं. मे महिन्यात आमच्याकडे घाम सुकत नाही, अंगावरून नुसता ओघळत राहतो, आणि स्वयंपाकघरात दोन शेगड्या सतत पेटलेल्या. प्यायला काय, तर चहा. पाणी प्यायला वेळ मिळत नाही असं आम्ही बायका म्हणतो ते तितकंसं खरं नाही. वेळ असतो, तहानच मेलेली असते. शिवाय पाहुण्यांची ये-जा चालू असताना सारखं मागच्या दारी जायला नको म्हणूनही हात तांब्याकडे जात नाही. पुरुषांचं वेगळं नाही. आमचे हे होडीवर असतात, डॉल्फिन दाखवायला सकाळी निघतात ते दुपारी येतात. होडीत पर्यटक बायका-पोरं असतात, त्यामुळे तेही घसा ओला करण्यापुरतंच पितात.

कळ आली ती ऐन सुट्टीत, रात्री. डाव्या बाजूला बरगड्यांच्या खाली, पाठीत, आणि तिथून पुढे येऊन थेट जांघेत. बाळंतपणाच्या कळा मला ठाऊक आहेत. त्या येतात, जातात, मधे श्वास घेऊ देतात. हिची उसंत नावापुरती. बसवेना, झोपवेना, उभं राहवेना. पडवीतून खळ्यात, खळ्यातून पडवीत अशा फेऱ्या चालल्या होत्या. पाहुणे जागे होतील म्हणून तोंडात टॉवेल धरला होता. मग उलटी झाली. ह्यांनी दिवा लावला. “काय झाला गो? गाडी काढू काय?” सासूबाईंनी “वारो धरलो असतलो” म्हणून ओवा आणला आणि गरम पाण्याची पिशवीही दिली. ओव्याचं माहीत नाही, पण पिशवीने खरंच जरा बरं वाटलं.

मालवणात ज्या डॉक्टरांना उठवलं त्यांनी मला दारातून आत येताना पाहिलं आणि निदान तिथेच अर्धं केलं. पोटात पू झाला असेल, अपेंडिक्स फुटलं असेल, तर माणूस हलत नाही, निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. खड्याचा माणूस एका जागी ठरत नाही. पाठीवर मुठीने हलकं ठोकून पाहिलं, मी किंचाळले. मग पाळी कधी आली होती ते विचारलं आणि चाळिशी उलटून गेलेल्या मला लघवीची गर्भ-तपासणी करायला लावली. मला त्याचा रागच आला होता. नंतर कळलं की बाईच्या ओटीपोटात अशी कळ आली तर गर्भाशयाच्या नळीत राहिलेला गर्भ किंवा पीळ पडलेली अंडाशयाची गाठ आधी बाजूला काढावी लागते, आणि पोटात गर्भ असेल तर इंजेक्शन किंवा क्ष-किरणही डोळे मिटून देता येत नाहीत. दमा आहे का, पोटात अल्सर आहे का, मूत्रपिंडाचा जुना आजार आहे का, असं विचारून मग डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मी माणसात आले. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसलं, डोळ्यांना दिसत नव्हतं तरी.

पण त्यांनी सगळ्यात जास्त वेळा विचारलं ते तापाबद्दल. थंडी वाजली का, हुडहुडी भरली का, अंग गरम होतं का. दोनदा थर्मामीटर लावला. खडा अडकून लघवी तुंबली असेल आणि तिच्यात जंतू झाले, तर ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही. तेव्हा खड्याचं नंतर बघायचं, आधी तुंबलेली लघवी मोकळी करायची, आणि तीही तासांच्या हिशेबात. हुडहुडीसकट ताप, लघवी पूर्ण बंद होणं, किंवा पाण्याचा घोटही न टिकणारी उलटी, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा, असं त्यांनी ह्यांना चारचारदा बजावलं. आमच्या गावातून मोठं हॉस्पिटल गाठायचं तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कुडाळला सोनोग्राफी. “पाणी पिऊन या, लघवी अडवून ठेवा,” असा निरोप. कित्येक दिवसांत मी पहिल्यांदा एका बैठकीत लिटरभर पाणी प्यायले, ते या कामासाठी. सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड सुजलेलं दिसलं, त्यातून निघणारी नळी वरच्या भागात फुगलेली दिसली, पण खडा दिसला नाही. मला वाटलं, नसेलच. तसं नसतं. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी वीतभराहून लांब, पंचवीसेक सेंटिमीटरची, आणि तिचा मधला भाग आतड्यांच्या मागे असतो. आतड्यात वायू असला की सोनोग्राफीला पलीकडचं दिसत नाही. सूज ही धरणाची भिंत कुठेतरी आहे याची खूण. भिंत नेमकी कुठे, ते सीटी स्कॅन सांगतो.

सीटी साधा होता, शिरेतून रंग न देता. कॅल्शियमचा असो की युरिक ॲसिडचा, जवळपास प्रत्येक खडा त्यात उमटतो. साध्या एक्स-रेत युरिक ॲसिडचा खडा दिसतच नाही. मशीनमध्ये पाच मिनिटंही गेली नाहीत. अहवालात तीन गोष्टी होत्या, आणि पुढचं सगळं त्यांच्यावर ठरलं. खडा आठ मिलिमीटरचा. जागा डाव्या नळीचा वरचा भाग. आणि घनता, जिला ते हाउन्सफील्ड म्हणतात, हजाराच्या वर. म्हणजे टणक.

आमच्या जिल्ह्यात मूत्ररोगाचे तज्ज्ञ मोजके. मी ज्यांना दाखवलं ते कोल्हापूरहून ठरलेल्या वारी कुडाळला येतात. त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतची माणसं असतात. नंबर येईपर्यंत शेजारच्या बाकावरून इतकी औषधं कळतात की आत जायची गरजच वाटू नये. पानफुटीची पानं उपाशीपोटी. पाषाणभेद. बिअर. बिअरबद्दल तर पुरुषांमध्ये कमालीचं एकमत होतं.

डॉक्टरांनी सीटीचं चित्र लावलं आणि पेन टेकवून दाखवलं. नळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि तीन ठिकाणी आणखी अरुंद. मूत्रपिंडातून निघते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिनीवरून जाते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे. पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेकदा आपला आपण पडतो. पाच ते दहामधल्याचा भरवसा नाही, आणि त्यातही तो वर अडकला असेल तर कमी. दहाच्या वरचा क्वचितच पडतो. माझा मधल्या गटातला, आणि वर अडकलेला. ताप नाही, दुखणं गोळीने आवरतंय, दुसरं मूत्रपिंड चांगलं आहे, म्हणून थोडी वाट बघू, पण मोकाट नाही, तारीख ठरवून.

मी बिअरचं विचारलं, म्हणजे ह्यांनी विचारायला लावलं. ते हसले नाहीत. म्हणाले, बिअरने लघवी जास्त होते, पण नंतर अंगातलं पाणी उलट कमी होतं. आणि नळी बंद असताना वरून पाणी लोटलं तर खडा ढकलला जात नाही, मागचा दाब वाढतो आणि कळ वाढते. कळ चालू असताना तांब्याच्या तांब्ये प्यायचे नाहीत, तहानेपुरतं प्यायचं. भरपूर पाणी हे पुढचा खडा होऊ नये म्हणून. कुळथाचंही विचारलं. “पिठी खा, सार प्या, त्या निमित्ताने पाणी पोटात जातं. पण आठ मिलिमीटरचा कॅल्शियमचा खडा कशानेही विरघळत नाही. विरघळतो तो युरिक ॲसिडचा, लघवीची आम्लता कमी करणारं औषध देऊन.” मला हे उत्तर आवडलं. त्यांनी कुळथाला नावं ठेवली असती तर घरी जाऊन मी सासूबाईंना काय सांगितलं असतं?

गोळी दिली टॅमसुलोसिनची, नळीचे स्नायू सैल पडावेत म्हणून. मेडिकलवाल्याने पाकीट हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, ही काकांची काय?” ती एरवी प्रोस्टेटची तक्रार असलेल्या म्हाताऱ्या पुरुषांना देतात. रात्री झोपताना घ्या आणि अंथरुणातून एकदम उठू नका, चक्कर येते, हेही त्यानेच सांगितलं. दुसरं काम म्हणजे प्रत्येक वेळची लघवी गाळायची. खडा पडला तर हातात यायला हवा, तो तपासता येतो. एक प्लॅस्टिकचा जग आणि एक जुनी चहाची गाळणी न्हाणीघरात खिळ्याला टांगली. गाळणीला लाल दोरा बांधला, कुणी सवयीने स्वयंपाकघरात परत आणू नये म्हणून. खानावळ चालवणाऱ्या घरात ही काळजी घ्यावीच लागते.

आणि मग कळ थांबली. गोळीने आवरली असं नव्हे, थांबलीच. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा उलटला. गाळणीत काही आलं नव्हतं, पण शेजारच्या काकींचं ठरलेलं होतं, “दुखणा थांबला मा? मग खडो गेलो समज.” त्यांनी बरणीभर कुळीथ पाठवले होते, तेव्हा श्रेयही तिकडेच गेलं. ह्यांनाही तसंच वाटत होतं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आलेलं होतं, त्या कागदावर हिरव्या अक्षरात सगळं ठीक दिसत होतं. खोल्या भरलेल्या होत्या. दुखत नसताना कुडाळला अर्धा दिवस घालवायचा म्हणजे दुपारची ताटं बुडणार.

मी गेले ती केवळ गाळणीमुळे. आठ मिलिमीटर म्हणजे तूरडाळीच्या दाण्याहून मोठं. तो पडला असता तर मला दिसला असता.

सोनोग्राफीत सूज होती तितकीच होती, उलट किंचित वाढलेली. या भेटीत डॉक्टरांनी जे सांगितलं त्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. दुखतं ते खड्यामुळे नाही, तुंबलेल्या लघवीच्या दाबाने मूत्रपिंड ताणलं जातं म्हणून दुखतं. अडथळा तसाच राहिला की काही दिवसांनी मूत्रपिंड त्या बाजूला काम कमी करतं. रक्त कमी येतं, लघवी कमी गाळली जाते, दाब उतरतो, आणि कळ थांबते. म्हणजे कळ थांबण्याची दोन कारणं असू शकतात. खडा पडला, किंवा मूत्रपिंडाने हात टेकायला सुरुवात केली. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. क्रिएटिनिनचं म्हणाल तर उजवं मूत्रपिंड एकटं गाडा ओढत असतं, त्यामुळे डावं बंद पडत आलं तरी तो आकडा नॉर्मल येऊ शकतो. महिनोन् महिने असं राहिलं तर त्या बाजूचं मूत्रपिंड कायमचं जातं. त्यांच्याकडे अशी माणसं येतात, म्हणाले. कधीतरी मुतखडा झाला होता, काढा घेतला, बरं वाटलं, आणि काही वर्षांनी दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली तेव्हा एका बाजूला पाण्याची नुसती पिशवी.

चित्र पुन्हा काढल्याशिवाय खडा गेला असं म्हणायचं नाही. कुडाळच्या त्या बाकावरच्या गप्पांत हे एकदाही निघालं नव्हतं.

मग पर्याय. बाहेरून आघातलहरी देऊन खडा फोडायचा, ज्याला लिथोट्रिप्सी म्हणतात, तो पहिला. त्याचा इतिहास डॉक्टरांनी जाता जाता सांगितला. विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीत वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की आत काय होतं याचा अभ्यास चालला होता, त्यातून हे यंत्र निघालं, आणि १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णावर वापरलं गेलं. तोवर खडा म्हटलं की बहुधा चीर देऊनच काढायचा. पण हजाराच्या वर घनता असलेला खडा या लहरींना दाद देईलच असं नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं, आणि फुटलेले तुकडे मग स्वतः पडायला हवेत. माझ्यासाठी त्यांनी दुर्बिणीने लेझर सुचवलं. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण वर न्यायची, कुठेही चीर नाही. मूत्रपिंडातच दोन सेंटिमीटरच्या वरचा खडा असेल तर पाठीतून छिद्र करतात, ते माझ्या बाबतीत नव्हतं.

ऑपरेशन कोल्हापूरला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल का ते आधी विचारलं. पूर्वी ही योजना मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती, २०२३ मध्ये ती सगळ्यांना खुली करून कुटुंबामागचं संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. यादीतल्या हॉस्पिटलात दर्शनी भागात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि सीटीचा अहवाल त्यांनी स्कॅन करून मंजुरीला पाठवला. अडलं ते माझ्या नावावर. रेशनकार्डावर सासरचं नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी ही दोन कागदपत्रं आजारी पडायच्या आधी एकदा शेजारी ठेवून बघावीत. आरोग्यमित्र मुलगी धीराची होती, तिने काय जोडायचं ते सांगितलं, मोठ्या दिराने घरून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले आणि मंजुरी आली. आधीच्या सोनोग्राफी, सीटी आणि गोळ्यांचे पैसे मात्र आमचेच गेले होते. ते भरती होण्याआधीचे.

ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर, म्हणजे तिच्यात जंतू आहेत का ते बघायचं. त्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि ते आल्याशिवाय ते हात लावत नाहीत. जंतू असताना आत पाण्याचा दाब दिला तर ते रक्तात जातात. संमतीपत्र वाचताना डॉक्टरांनी एक ओळ बोटाने दाखवून समजावली. कधी कधी नळी इतकी अरुंद असते की दुर्बीण वर जातच नाही. मग जोर करायचा नाही. फक्त स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी मऊ नळी, आत घालून बाहेर यायचं, मूत्रपिंडाची नळी रुंदावली की काही आठवड्यांनी परत. “तसं झालं तर ऑपरेशन फसलं असं समजू नका,” म्हणाले. हे आधी ऐकलेलं बरं असतं.

भूल कमरेखालची. टेबलावर बसवून पाठ वाकवायला सांगतात, एक सुई, आणि थोड्या वेळाने पाय आपले राहत नाहीत. मी जागी होते. पडदा माझ्या अंगाला तिरका होता, पण मान वळवली की मॉनिटर दिसत होता. भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, बघायचंय का? नाही कशाला म्हणू!

आधी गुलाबी बोगदा, पाण्याने धुतलेला, चकचकीत. मग बोगद्याच्या टोकाला तो. गडद तपकिरी, अंगाने ओबडधोबड, आजूबाजूचं मांस त्याच्याभोवती सुजून पकडून बसलेलं. इतके दिवस माझं घर ज्याने वेठीला धरलं होतं ते पडद्यावर जांभ्या दगडाच्या कपरीएवढं दिसत होतं. बाजूने एक बारीक तार आली, तिच्या टोकावर हिरवा ठिपका. डॉक्टरांनी पायाने पेडल दाबलं. टक टक टक टक असा आवाज, आणि खड्याच्या कडेवरून धूळ सुटायला लागली, पाण्यात नाचणीचं पीठ सोडावं तशी. मधेच काही दिसेनासं व्हायचं, ते थांबायचे, पाणी धूळ घेऊन जायचं, परत टक टक. एकदा एक तुकडा उसळून वर पळाला. “पळू दे, जातोय कुठं,” असं कोल्हापुरी थाटात कुणीतरी म्हणालं. तो चिमट्याच्या जाळीत धरून बाहेर काढला, तपासणीसाठी. पाऊण तास लागला असेल. दुखलं काहीच नाही. खरं सांगायचं तर मजा वाटत होती, आणि ते बाहेर ह्यांना सांगितलं तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मजा तिथे संपते, कारण पुढे स्टेंट. डीजे स्टेंट म्हणजे मऊ प्लॅस्टिकची लांब नळी, दोन्ही टोकांना वळलेली, एक टोक मूत्रपिंडात आणि एक मूत्राशयात. लेझरनंतर नळी आतून सुजते, ती बंद होऊ नये म्हणून हा टेकू. त्याची अडचण अशी की खालचं टोक मूत्राशयाला सतत टोचत असतं आणि मूत्राशयाला वाटतं आपण भरलोय. जाऊन आलं की परत जावंसं वाटतं. लघवी करताना ती थोडी उलटी वर चढते, त्यामुळे नेमकं त्याच वेळी पाठीत दुखतं. चाललं, उभं राहिलं, काही उचललं की लघवी लालसर होते, पडून पाणी प्यायलं की निवळते. हे सगळं स्टेंट असेपर्यंत चालायचंच, घाबरायचं नाही, ताप आला तरच फोन करायचा. गोळ्या देतात, त्यांनी निम्मं कमी होतं.

तो घेऊन मी कोल्हापूरहून फोंडा घाटाने घरी आले. हा घाट आयुष्यभर मी गाडीच्या खिडकीतून पाहिला आहे. या खेपेला उतरून उतरून पाहिला. राधानगरीला थांबलो, दाजीपूरला थांबलो, मग घाटाच्या वर एका टपरीवाल्या मावशींनी आपल्या घरातलं न्हाणीघर उघडून दिलं आणि वर चहाचे पैसे घेतले नाहीत. खाली फोंड्याला पोचेपर्यंत ह्यांच्या मित्राने, जो गाडी चालवत होता, विचारायचंच सोडून दिलं होतं. मी “रे” म्हटलं की तो ब्रेक मारायचा. कुणी स्टेंटसकट घाट उतरणार असेल तर पुढच्या सीटवर बसू नका, मागे आडवं होऊन या.

स्टेंटची दुसरी गोष्ट गंभीर आहे. तो काढावाच लागतो. डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने काढायची तारीख होती, ह्यांच्या फोनमध्ये त्यांनी स्वतः टाकून घेतली, आणि हॉस्पिटलच्या वहीत आमचा नंबर. कारण काही आठवड्यांनी तो टोचेनासा होतो, माणूस कामाला लागतो आणि विसरतो. विसरलेल्या स्टेंटवर महिन्यांनी खडे जमतात, तो आतच अडकतो, आणि मग काढायला मूळ खड्यापेक्षा मोठं ऑपरेशन लागतं. इथेही तेच, दुखत नाही म्हणून राहून जातं. तोवर मृग लागला होता, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या होत्या, खोल्या रिकाम्या. कुडाळच्याच हॉस्पिटलात, त्यांच्या यायच्या वारी, जागा बधिर करणारी जेली लावून लहान दुर्बिणीने दोन मिनिटांत तो काढला. पुरुषांना हे जास्त जड जातं, बायकांची वाट आखूड असते. एवढ्या सगळ्या प्रकरणात बाईपणाचा फायदा मिळाला तो इथेच.

तुकड्याचा अहवाल आला, कॅल्शियम ऑक्झलेट. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. हा मूळ धरतो लघवी दाट झाली की. म्हणून पहिलं औषध पाणी, आणि ते प्यायलं किती यावर नाही, बाहेर किती पडलं यावर मोजायचं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. आमच्याकडच्या घामात त्यासाठी मे महिन्यात तीन-साडेतीन लिटरही प्यावं लागतं. रंग फिका असला की बरोबर चाललंय. मे महिन्यात आमची विहीर मचूळ होते आणि लोक खड्याचं खापर तिच्या क्षारांवर फोडतात. डॉक्टरांचं म्हणणं, कसलं पाणी पिता याने फारसा फरक पडत नाही, किती पिता याने पडतो.

खाण्याचं ऐकून मात्र मी चाट पडले. मला वाटलं होतं दूध बंद सांगतील, खडा कॅल्शियमचा ना! उलट दूध-दही चालू ठेवा म्हणाले. जेवणातलं कॅल्शियम पोटात ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. कॅल्शियम तोडलं तर मोकळं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत. तोडायचं ते मीठ. मीठ जास्त झालं की मूत्रपिंड कॅल्शियमही जास्त बाहेर टाकतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर. आता आमच्या ताटाकडे बघा. सुका बांगडा, सुकट, खारातली कैरी, लोणचं, पापड, आणि सोलकढीतही मीठ. कोकम सरबतात मीठ आणि साखर दोन्ही. डाएटिशियन बाई कोल्हापूरच्या, त्यांना मी हे सगळं सांगत गेले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

आणि अळू. अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो, तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. म्हणजे जे माझ्या नळीत अडकलं तेच. आपल्या आज्या फदफद्यात चिंच-आमसूल घालायच्या ते खाज मारायला. पण खाज मेली म्हणून ऑक्झलेट सगळं गेलं असं नाही. पालक, काजू, अळू रोज नको, कधीमधी चालेल, आणि पाला उकडून ते पाणी ओतून द्यायचं. काजू कधीमधी, हे ओल्या काजूगरांच्या मुलखात सांगायला सोपं आहे. लिंबूपाणी मात्र हवं तितकं, मीठ न घालता. लिंबातलं सायट्रेट खडा जमू देत नाही. ह्यावर मी खूश आहे, दारात लिंब आहेत.

स्वयंपाकात मी आमटीचं मीठ कमी केलं आणि ताटाजवळ मिठाची वाटी ठेवायला लागले. पुण्याच्या पाहुण्यांना फरक कळला नाही. मालवणच्या पाहुण्यांनी पहिल्याच घासाला विचारलं.

स्टेंट काढल्यानंतरच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूची सूज उतरलेली होती. उजव्या मूत्रपिंडात तीन मिलिमीटरचा एक बारका निघाला. तो कुठे अडकलेला नाही, त्याला हात लावायचा नाही, सहा महिन्यांनी बघायचं. एकदा खडा झालेल्यांत निम्म्याजणांना पाच-दहा वर्षांत परत होतो, तेव्हा हे बघणं आता चालूच राहणार. दरवर्षी दिवाळीच्या आधी, पर्यटक सुरू व्हायच्या अगोदर, असं मी ठरवलं आहे.

ह्यांच्या होडीत आता पाच लिटरचा कॅन असतो. सकाळी भरून देते, दुपारी तो अर्ध्याहून जास्त परत येतो. माझ्याबरोबर तुमचीही सोनोग्राफी करून घेऊ, म्हटलं, कुडाळला जातोच आहोत तर. जाळ्याची गाठ सोडवता सोडवता वर न बघता म्हणाले, “माका खंय दुखता?”

दोघांचाही नंबर लावून ठेवला आहे.